वहिनीने उतरवून दिलेला निबंध

माझी नात कॉलेजात आहे. परवा नालवाडीच्या घरी सोफ्यावर आडवी पडून ती सिनेमाच्या पुरस्कारांवर काहीतरी लिहीत होती. मधेच मान वर करून म्हणाली, "आजी, गाण्यांनी भरलेल्या सिनेमाले सर्वात मोठा पुरस्कार काऊन देतात वो? माणसं काय अशी रस्त्यानं गात सुटतात?"

मला हसू आवरेना. याच प्रश्नावर मी तिच्या वयात सहा पानं खर्ची घातली होती.

आई गेली तेव्हा मी नववीत होते. तेव्हापासून बोरगाव मेघेला दादा-वहिनींकडे राहायचे. वहिनी माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, सातवी शिकलेली. अक्षर मात्र असं सुरेख, की अख्खी गल्ली तिच्याकडून पत्रं लिहून न्यायची. माझं अक्षर म्हणजे कावळ्याचे पाय. मी बी.ए.ला होते आणि स्वतःला फार विचारवंत समजत होते. केसाला तेल लावणं सोडलं होतं, एवढाच त्याचा पुरावा.

त्या वर्षी एका गाण्यांच्या सिनेमाला बक्षिसांवर बक्षिसं मिळाली. वहिनीनं दादाच्या मागे लागून तिकिटं काढायला लावली आणि आम्ही दोघी बायकांच्या बाजूला बसून तो पाहिला. त्यात एक आई आपल्या गावात पेटी भरताभरता गाण्याची एक ओळ म्हणते, आणि सासरी गेलेली लेक दुसऱ्या गावात पुढची ओळ म्हणते.

पुढच्याच आठवड्यात कॉलेजात निबंध स्पर्धा लागली. विषय चित्रपट पुरस्कारांचा. मी तुटूनच पडले. मधे टेलिफोनची तार नसताना लेकीला आईची ओळ ऐकू कशी आली, असा सवाल केला. परदेशी सिनेमे किती थोर असतात ते दीड पानभर लिहिलं. त्यातला एकही पाहिला नव्हता, पण लिहिताना त्याची काही अडचण आली नाही. शेवटी झोकात लिहिलं, 'वरणाला फोडणी देता देता डोळे पुसणाऱ्या अर्धशिक्षित स्त्रियांच्या टाळ्यांवर पुरस्कार ठरू लागले, तर कलेचे काही खरे नाही.'

निबंध सुवाच्य अक्षरात हवा, अशी अट होती. मी कागद वहिनीच्या हातात दिले. "वहिनी, उद्या द्याचा आहे. उतरवून द्याल का?" आणि वेणी घालायला बसले. ते वाक्य कोणाबद्दल आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. इतकी मी हुशार!

दुपारी भांडी आवरून वहिनी लिहायला बसली. तासाभरानं सगळी पानं टाचणी लावून माझ्यासमोर ठेवली. एक काना सुटलेला नाही. फोडणीचं वाक्य तर इतर सगळ्यांपेक्षा देखणं आलं होतं. ते दिसलं आणि मी घाईघाईनं त्यावर हात ठेवला.

"वहिनी, हे तुमच्याबद्दल नाही..."

"असू द्या ना बाई. फोडणी तं मीच देतो घरात, दुसरं कोण देते?" ती हसली, पण नेहमीसारखं नाही. मग म्हणाली, "येकच सांगा. तारच नव्हती, लेकीले काही ऐकूच आलं नसन, तं मंग त्या गाण्याले तुम्ही माह्या पदरात तोंड घालून काऊन रडत होत्या? पदर पिळून काढा लागला मले."

खरंच रडले होते मी, हुंदके देऊन. आई गेल्यावर मला घरात घेणाऱ्या बाईच्या पदरात रडले होते, आणि आता तिच्याच हातून तिची टवाळी लिहून घेतली होती. तिनं मला सांभाळणं सोडलं नसतं, तेवढा तिचा स्वभाव मी ओळखून होते. पण यापुढे मी वही उघडली की ही बाई उठून दुसऱ्या खोलीत जाईल, याची मला भीती वाटली.

कोरे कागद घेतले आणि पुन्हा लिहायला बसले. परदेशी सिनेमे उडाले. तारही गेली. उरली दोनच पानं, तीही कावळ्याच्या पायांची. उतरवून द्या म्हणायचं तोंड नव्हतं. बक्षीस मिळालं नाही, हे सांगूनच टाकते. 'अक्षर सुधारा' एवढा शेरा मिळाला.

त्यानंतर मी पुष्कळ लिहिलं, काही छापूनही आलं. त्यातलं जे थोडंफार खरं आहे, ते त्या दुपारच्या एका प्रश्नाचं देणं आहे. वहिनी दादाला सांगू शकली असती, अबोला धरू शकली असती. नुसतं ते वाक्य गाळलं असतं, तरी मी आयुष्यभर तशीच शहाणी राहिले असते.

त्याच संध्याकाळी ती नवी दोन पानं घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. वहिनी तांदूळ निवडत होती. म्हटलं, "वाचू?"

"वाचा."

मी वाचलं, 'या सिनेमाला पुरस्कार का मिळाला ते मला ठाऊक नाही. मी त्यात रडले. माझी आई नाही, आणि माझ्या शेजारी माझी वहिनी बसली होती.'

वहिनीचे हात ताटात थांबले. तिनं ते ताट बाजूला सारून मला बसायला जागा केली.

"तेवढं पुन्यांदा वाचा, बाई," ती म्हणाली.