सतरा नंबरच्या पुडीतला गिअर

वरच्या मजल्यावरचं पाणी आमच्या न्हाणीघराच्या माळ्यात झिरपायला लागलं, म्हणून गेल्या वर्षी मला माळा रिकामा करावा लागला. दोन गाद्या, बायकोच्या आईची शिवणयंत्राची पेटी, मुलीची शाळेची पुस्तकं आणि सर्वांत मागे एक खोका. खोक्यात रिमोटवर चालणारा लाल ट्रक होता. लांबी एक्केचाळीस सेंटिमीटर. मी तो जवळजवळ पस्तीस वर्षं पाहिला नव्हता.

मी मुलुंडला दोन खोल्यांच्या घरात एकटा राहतो. बायको जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी बंगळुरूला असते, रविवारी सकाळी साडेदहाला फोन करते. फोन सहा-सात मिनिटं चालतो. त्यानंतर सोमवारी ऑफिसात जाईपर्यंत मी कुणाशी बोललो नाही असं बरेचदा होतं. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो, त्यामुळे तोही मोजता येत नाही.

ट्रक आमच्या मामाने आणला होता. तो बोटीवर होता. आम्ही तेव्हा घाटकोपरच्या चाळीत राहायचो. मी अकरा वर्षांचा होतो, दादा चौदाचा. रिमोटला दोन दांडे होते. डावा पुढे-मागे करायचा, उजवा वळवायचा. पहिल्याच दिवशी आमची मारामारी झाली तेव्हा बाबांनी निकाल दिला की उजवा दांडा थोरल्याचा, डावा धाकट्याचा. म्हणजे दोघांनी एकच रिमोट दोन बाजूंनी धरायचा आणि खांद्याला खांदा लावून गॅलरीतून चालायचं. तेव्हा एकट्याने तो ट्रक चालवल्याचं मला आठवत नाही.

एकोणिसाव्या दिवशी दादाने ट्रक जिन्याच्या खांबावर घातला आणि आतला प्लास्टिकचा गिअर गेला. दात सपाट झाले. मोटर फिरायची, चाकं जागेवर. बाबा गिरणीत फिटर होते. त्यांनी यंत्रांना वापरतात त्या तपकिरी फायबरचा एक तुकडा आणला, त्यावर कंपासने खुणा केल्या आणि दोन संध्याकाळी उंबऱ्यावर बसून कानशीने बत्तीस दात पाडले. त्यातला एक जाड राहिला. गिअरचा एक फेरा झाला की तो दात अडखळायचा आणि 'टक' व्हायचं.

"बाबा, ह्यो आवाज करता," दादा म्हणाला. घरात आम्ही मालवणीच बोलायचो.

"चलता मां? मगे झाला," बाबा म्हणाले आणि हात धुवायला गेले.

दादा कॉलेजात जाईपर्यंत, म्हणजे पुढची चार वर्षं, ट्रक त्या गिअरवर चालला.

माळ्यावरून काढल्यावर मी ट्रक पूर्ण खोलला. एकूण भाग एक्केचाळीस. अठ्ठावीस चांगले, नऊ मोडलेले, चार गायब. इंटरनेटवर अशा जुन्या रिमोटच्या गाड्या जमवणाऱ्यांचा एक गट आहे. त्यांच्याकडून मला मूळ माहितीपुस्तक मिळालं. त्यात प्रत्येक भागाला नंबर होता. मी एक्केचाळीस पुड्या केल्या, प्रत्येकीवर नंबर घातला. पुस्तकाशी ताडून पाहताना सतराव्या भागाशी अडलो. पुस्तकात तो गिअर पांढरा होता, आपल्याकडे तपकिरी. तेव्हा चांगल्या भागांची संख्या मी सत्तावीस केली आणि पुडीवर लिहिलं : 'घरगुती. बदलणे.'

गटाचा दंडक असा की भाग त्याच कारखान्याचा, त्याच काळचा हवा. तसं असेल तरच सभासद 'पूर्ण मूळ' म्हणतात. मला हा दंडक आवडला. त्यात वाद नसतो, एखादा भाग मूळ असतो किंवा नसतो. चौदा भाग मिळवायला अकरा महिने लागले. समोरचा बंपर, दिव्यांच्या काचा, एक टायर, स्टिकरांचा न उघडलेला संच. सतरा नंबर सर्वांत शेवटी आला, नाशिकच्या एका निवृत्त शिक्षकांकडून, कारखान्याच्या सीलबंद पाकिटात. त्यांनी फोनवर बजावलं होतं, "तो हाताने केलेला काढून टाका बरं का. मोटरला त्रास होतो."

हे सगळं मी दादासाठी करत होतो, हे आधीच सांगायला हवं होतं.

दादा बोरिवलीला राहतो. आठ वर्षं आमचं येणं-जाणं नव्हतं. त्याचं कारण मीच. बाबा शेवटचे दोन महिने इस्पितळात होते. तेराव्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर आमची आत्या म्हणाली, "दोघाही झिलांनी बापाची सेवा केली हो." मी खिशातली डायरी काढली नाही, पण आकडे मला पाठ होते. मी म्हणालो, "मी शेहेचाळीस वेळा गेलो, दादा अकरा वेळा." मला भांडायचं नव्हतं. आत्या चुकीचं बोलत होती, ते दुरुस्त करावं एवढंच डोक्यात होतं. दादा बसल्या जागेवरून उठला, वहिनींना म्हणाला, "चल गं," आणि दोघं गेली. त्यानंतर गणपतीला एक फोन आणि दिवाळीला एक फोन. माझ्या बायकोच्या वेळी तो आला होता. स्मशानात वहिनींचा हात धरून एका बाजूला उभा राहिला आणि तसाच परत गेला. मला वाटलं, अजून राग आहे.

ट्रक चालू झाला तर त्याच्याकडे जायला कारण मिळेल, असा माझा हिशेब होता. नुसतं जायचं म्हटलं तर दारात काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं. ट्रक हातात असला की बोलावं लागणार नाही.

मी वहिनींना फोन केला.

"भावोजी? आज ना गणपती, ना दिवाळी. चुकून लागला काय?"

"रविवारी यायचं म्हणतो."

"या की. मुहूर्त काढून येणार असाल तर आधी सांगा, मी भिंतीला रंग काढून घेते." मग म्हणाल्या, "त्यांना आता दिसायला कमी येतं हो."

"नंबर किती आहे?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "तुम्ही याच."

रविवारी मुलीचा फोन झाल्यावर मी निघालो. खोका मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने आरे कॉलनीतून गाडी घातली. तिथल्या खड्ड्यांत मी दोन्ही हातांनी खोका वर धरत होतो. आदल्या दिवशी मी ट्रक तपासून घेतला होता : पूर्ण चार्जवर सतरा मिनिटं, एकदाही अडकला नाही. लाल रंगाला शोरूमसारखी चकाकी होती. दारावरचं स्टिकर मी चिमट्याने लावलं होतं, एकही बुडबुडा नव्हता.

दार वहिनींनी उघडलं. दादा खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. त्याने तोंड माझ्याकडे केलं, पण नजर माझ्या खांद्याच्या बाजूला दाराच्या चौकटीवर गेली आणि तिथेच राहिली. तेव्हा मला कळलं. कमी दिसत नव्हतं. दिसतच नव्हतं.

"ये," तो म्हणाला. "उभा का? खुर्ची तुझ्या डावीकडे असेल. तिने हलवली नसेल तर."

"काय झालं हे?"

"काचबिंदू. उशिरा कळला. बाबा इस्पितळात होते तेव्हापासूनच सुरू होतं." मग तो वहिनींना म्हणाला, "चहा टाक गं. याला साखर किती ती विचार, ग्रॅममध्ये सांगेल."

मी हसलो. खोका उघडून ट्रक त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने बोटं फिरवली. टप, चाकं, बंपर. बंपरपाशी थांबला. "हा तर मोडला होता."

"नवीन घातला. म्हणजे जुनाच, मूळ कारखान्याचा. सगळं मूळ आहे. रंगसुद्धा त्याच छटेचा."

"लालच ना?"

"लाल."

"बरं झालं सांगितलंस."

अकरा महिने मी ज्याच्यावर घातले होते ते सगळं डोळ्यांनी बघण्याचं होतं.

वहिनी म्हणाल्या, "चालवा तरी. बाहेर पॅसेज मोकळा आहे, शेजारचे गावाला गेलेत."

आम्ही पॅसेजमध्ये गेलो. दादाने रिमोट हातात घेतला, चाचपला आणि उजव्या हाताने उजवी बाजू धरली. डावी बाजू त्याने माझ्यासाठी मोकळी ठेवली. मी त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलो. दादाची उंची कमी झाल्यासारखी वाटली. मी दांडा पुढे केला.

ट्रक निघाला. मोटरची बारीक गुणगुण, बाकी काही नाही. एक संथ, नीट यंत्र. दादाने मान तिरकी केली, दांडा थोडा वळवला, परत सरळ केला. ट्रक भिंतीला घासला.

"कुठे आहे?"

"समोर. बारा फुटांवर."

"कळत नाही मला." त्याने दांड्यावरचा अंगठा काढला. "ह्यो आपलो नाय."

"दादा, आपलाच आहे. खोक्यावर मामाचं अक्षर आहे."

"मगे टकटक खंय गेली? बाबांचो गिअर खंय?"

मी सांगितलं. घरगुती होता, मोटरला त्रास होतो, सीलबंद पाकिटातला बसवला. बोलताना माझं मलाच ते कुणाचं तरी पत्र वाचल्यासारखं वाटत होतं. दादाने पूर्ण ऐकून घेतलं.

"कारखान्याचा किती दिवस टिकला होता रे?"

"एकोणीस."

"आणि बाबांचा?"

"चार वर्षं."

"हां," तो म्हणाला. "तू आकड्यांत हुशार. मला वाटलं मीच चुकतोय."

आत येऊन आम्ही चहा घेतला. वहिनींनी पोहे केले होते. बोलणं रस्त्यांवर, गुडघ्यांवर, माझ्या मुलीवर गेलं. मी निघायच्या बेतात होतो तेव्हा दादा अचानक म्हणाला, "अकरा नाही. बारा."

मला काही सेकंद कळलं नाही, मग कळलं.

"शेवटून तिसऱ्या दिवशी आलो होतो. तू खाली कँटीनला गेला होतास. बाबा झोपलेले. मी बसलो, त्यांचा पाय धरून. हिला सांगितलं नव्हतं, एकटाच निघालो होतो. बसचे नंबर दिसायचे नाहीत तेव्हा. येताना दोन चुकीच्या बसमध्ये चढलो. एक पार देवनारला घेऊन गेली." तो थोडा हसला. "म्हणून उशीर झाला आणि म्हणूनच लवकर निघालो. परत जायला किती वेळ लागेल त्याचा भरवसा नव्हता."

"तेव्हाच का नाही सांगितलंस? तेराव्याला?"

"आत्यासमोर काय सांगू? आंधळा होतोय म्हणून? आणि तुझा आकडा इतका पक्का होता."

वहिनी कपबशा उचलून आत गेल्या. नळ सुरू झाला. मी म्हणालो, "दादा, माझं चुकलं." ते फार लहान वाक्य होतं. आठ वर्षांत ते मी कितीदा तरी म्हणू शकलो असतो.

माफ केलं असंही नाही, केलं नाही असंही नाही. त्याने हात पुढे करून ट्रकचं टप चाचपलं आणि ट्रक माझ्याकडे सरकवला.

"बाबांचा घालून आण. टाकला नाहीस ना?"

"नाही," मी म्हणालो. पण मला खात्री नव्हती. निकामी भागांची एक पिशवी मी आदल्या आठवड्यात भंगारवाल्यासाठी बाहेर काढून ठेवली होती.

रिक्षा परत आरेतून आली. येताना मी खोका मांडीवर नुसता ठेवला होता, खड्ड्यांत उचलला नाही. माझ्या डोक्यात बस होती. ज्याला पाटी दिसत नाही असा माणूस बसस्टॉपवर उभा, आणि विचारायची लाज. आणि त्याच वेळी मी कँटीनमध्ये चहा पीत असणार, खिशात डायरी, सगळं बरोबर टिपलेलं.

घरात शिरल्यावर चप्पल न काढताच मी पिशवी पाहिली. ती दाराच्या मागेच होती. भंगारवाला आला नव्हता. मी ती जमिनीवर ओतली. मोडका बंपर, काचांचे तुकडे, गंजलेले स्क्रू. दहा पुड्या असायला हव्या होत्या, नऊ होत्या. मी तीनदा मोजल्या. सतरा नंबर त्यांत नव्हती.

ती टेबलाच्या खणात मिळाली, चांगल्या भागांच्या रिकाम्या पुड्यांच्या डब्यात, सोळा आणि अठराच्या मध्ये. तिच्यावर माझंच अक्षर होतं, 'घरगुती. बदलणे.' तरी मी ती टाकायच्या पिशवीत घातली नव्हती. का घातली नाही हे मला आठवत नाही. मुद्दाम ठेवली असं लिहायला बरं वाटलं असतं, पण ते खरं नाही. बहुतेक विसरलो असेन.

गिअर हातावर घेतला. दात मोजले. बत्तीस. जाड दात बोटाला लगेच लागतो, बघावं लागत नाही. त्याच्या शेजारी फायबरवर कंपासची बारीक खूण अजून आहे. बाबांनी तिथे थांबून बहुधा पुन्हा मोजलं असावं.

चौदा स्क्रू काढून कारखान्याचा गिअर मी बाहेर काढला आणि सतरा नंबरच्या रिकाम्या पुडीत ठेवला. बाबांचा बसवला, स्क्रू परत आवळले. गटाला कळवलं की माझा ट्रक पूर्ण मूळ नाही, यादीतून नाव काढावं. नाशिकच्या शिक्षकांनी विचारलं, "काय झालं?" मी अजून उत्तर दिलेलं नाही.

मग वहिनींना फोन केला. पुढच्या रविवारी येऊ का विचारलं. त्या आत विचारून आल्या आणि म्हणाल्या, "ते म्हणतात, येऊ दे."

आज बुधवार आहे. ट्रक टेबलावर आहे, बॅटरी पूर्ण भरलेली आहे. कुठलीही वस्तू तपासल्याशिवाय मी घराबाहेर नेत नाही. चालतो की नाही हे बघायला एक मिनिट पुरेल, आणि घरात दुसरा आवाज नाही. पण डावा दांडा तेवढा माझा आहे. मी रिमोट खोक्यात ठेवला आणि खोक्याला सुतळी बांधली.