ऑरिनच्या पुंगळ्या

आमच्या मोंटानातल्या गावात ऑरिन त्वेट हा निवृत्त पोस्टमन माझा शेजारी. सत्तरीत त्याला एका वेळी एकच गोळी घेणाऱ्या जुन्या रायफलचं वेड लागलं. काडतुसं घरी भरायला शिकव म्हणून तो माझ्या मागेच लागला. मी दटावलं, "बंदुकीची काळी दारू काठोकाठ भर, गोळीखाली पोकळी नको. आणि गोळी उडाल्यावर उरलेल्या पितळी पुंगळ्या त्याच दिवशी साबणाच्या गरम पाण्यात घास, नाहीतर दारूची राख पितळ खाऊन टाकते."

चाळीस वर्षांत घरातला चमचा न विसळलेला हा गडी दर रविवारी गोळ्या उडवून आला की सिंकपाशी तासभर उभा राहू लागला. पाणी डांबरासारखं काळं व्हायचं. हाताला लागेल ते तो घासत सुटायचा.

परवा त्याची बायको लवॉन माझ्यासाठी चोकचेरी या रानफळाच्या जॅमची बाटली घेऊन आली.

"त्या काळ्या पाण्यात मी हळूच खरकटी कढई सोडली," ती हसू दाबत म्हणाली. "लख्ख घासली की रे त्याने! पुढच्या रविवारी दोन ट्रे सोडले."

"त्याला कळलं नाही?"

"जरा चमकला, पण हात थांबला नाही. ते जाऊ दे. गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या सणाला वीस माणसं जेवायला आहेत. त्या दिवशी त्याला जरा जास्त गोळ्या उडवायला लावशील?"