पाचवं उत्तर

पुस्तकाचं पान ते कधी बोटानं उलटत नसत. पेनाची मागची बाजू पानाखाली सारायची, पान हलकेच उचलायचं आणि कोपरानं दाबून धरायचं. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या मिलमध्ये ते कलर किचनला होते, म्हणजे कापडासाठी रंग कालवायच्या खात्यात. असे हात तुम्हीही पाहिले असतील. साबणानं घासा, रॉकेलनं घासा, नखांतला रंग काही जात नाही. एका आठवड्यात हिरवा, पुढच्या आठवड्यात राणी कलर.

मिलमध्ये सगळे त्यांना 'फादर' म्हणत. कुणी चेष्टेनं म्हणे, कुणी आदरानं. मी टाइम ऑफिसात हजेरी लिहायचो आणि त्यांना काका म्हणायचो. ते नवापूरकडचे, मी अमळनेरचा. एवढी ओळख सुरतेत पुरेशी असायची.

महाराष्ट्रातल्या एका ख्रिस्ती संस्थेचा पदवीचा अभ्यास ते टपालानं करत होते. वय पंचेचाळीस. धडे मिलच्या पत्त्यावर यायचे, कारण ते राहत त्या नवागामच्या गल्लीत पोस्टमन फिरकायचा नाही. पहिली उत्तरपत्रिका तपासून आली तेव्हा तिच्यावर लाल शाईत शेरा होता, 'उत्तरपत्रिका स्वच्छ ठेवावी.' खाली त्यांच्या हिरव्या अंगठ्याचा लख्ख ठसा. काका माझ्याकडे आले.

"भाऊ, तुझे हात कोरडे असतात. मी सांगतो, तू लिही."

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत ते डब्यातली भाकरी खात सांगायचे आणि मी लिहायचो. अशी सहा वर्षं. मी मारुतीला तेल वाहणारा माणूस, पण मला पौलाची पत्रं क्रमानं पाठ झाली. 'तारण' हा शब्द आला की मला बँकेत गहाण टाकलेली वस्तू आठवायची. तसं बोललो तर काका खूश झाले.

"तेच रे ते. फक्त सोडवून नेणारा दुसरा असतो."

एकदा मी विचारलं, "काका, या वयात कशाला हा व्याप?"

नवागामच्या त्यांच्या खोलीत रविवारी दहा-बारा घरं प्रार्थनेला जमत. पदवी झाली की ही मंडळी त्यांना पाळक, म्हणजे आपला धर्मगुरू, म्हणून नेमणार होती. पण त्यांनी ते सांगितलं नाही. म्हणाले, "लोक मला प्रश्न विचारतात भाऊ. माझं मूल का गेलं, विचारतात. मी नुसता त्यांचा हात धरून बसतो. शिकलेल्याला काहीतरी सांगता येत असेल ना?"

काका-काकूंना एकच मुलगी, एस्तेर. एकोणीस वर्षांची. घरी साड्यांना टिकल्या लावायची आणि काम करता करता बापाकडून धडे म्हणवून घ्यायची. चुकलं तर "पप्पा, परत," म्हणायची. हे सांगताना काका अगदी तिच्यासारखा आवाज काढायचे.

शेवटच्या वर्षी संस्थेनं दोन दिवसांच्या वर्गाला बोलावलं. हजेरी सक्तीची. निघायच्या आदल्या दिवशी एस्तेरला ताप भरला. काकांनी जाणं रद्द केलं होतं. सकाळी तिनंच त्यांच्या पिशवीत पुस्तकं भरली.

"उतरलाय ताप. हात लावून बघा. जा पप्पा, एवढंच राहिलंय."

ते शुक्रवारी गेले. शनिवारी ताप डोक्यात चढला. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं, रविवारी पहाटे ती गेली. संस्थेचा फोन नंबर काकांच्या वहीत होता आणि वही त्यांच्या पिशवीत. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मग शहरातून पाळक आले आणि माती दिली. सोमवारी सकाळी काका गल्लीत शिरले, तेव्हा ओट्यांवर बसलेली माणसं एकेक करून उभी राहिली. मीही त्यांत होतो. त्यांच्या चेहऱ्याबद्दल मी काही सांगणार नाही.

पंधरा दिवसांनी ते कामावर आले. महिन्याभरात शेवटची प्रश्नपत्रिका आली. विषय होता, पाळकाची सेवा. पाचही प्रश्न अनिवार्य. चार उत्तरं त्यांनी खालमानेनं सांगितली. पाचवा प्रश्न मी वाचून दाखवला. 'ज्या कुटुंबात अकाली मृत्यू झाला आहे, त्याचे सांत्वन कसे कराल?'

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. काकांनी डबा बंद केला.

"पुढं काय लिहू?"

"काही नको. असंच टाक पोस्टात."

मला ते बघवेना. एका कोऱ्या पानासाठी सहा वर्षं वाया जाणार होती. मी त्यांचंच पुस्तक उघडलं आणि दीड पान लिहिलं. देवाची योजना आपल्याला कळत नाही, दुःखातून श्रद्धा उजळते, लेक गमावलेला बापही शेवटी देवाचे आभार मानतो. हे शेवटचं पुस्तकात नव्हतं. ते माझं होतं. लिहिताना मला भरून आलं होतं, हेही कबूल करतो.

निकाल आला. काका उत्तीर्ण. त्यांनी टाइम ऑफिसातच पाकीट फोडलं. पाचव्या उत्तराखाली परीक्षकांनी लिहिलं होतं, 'उत्कृष्ट. अनुभवातून आलेले लेखन.' काकांनी ते दीड पान वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"अक्षर तुझं आहे," ते म्हणाले. "आभार कुणी मानले?"

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडून एक कागद मागून घेतला आणि रंगलेल्या हातानं स्वतः पत्र लिहिलं, की पाचवं उत्तर माझं नाही, मला पदवी देऊ नये. संस्थेचं उत्तर आलं, ते चांगलं होतं. तेवढा प्रश्न पुन्हा सोडवून पाठवा, आम्ही थांबतो. ते कितीतरी महिने थांबले असतील. काकांनी काही पाठवलं नाही.

रविवारी माणसं खोलीवर यायची. काका चहा द्यायचे आणि भिंतीला टेकून बसायचे. गाणं कुणी सुरू केलं तर अडवत नसत, पण स्वतः म्हणत नसत. हळूहळू दहा घरांची चार झाली, मग एकही उरलं नाही. पावसाळ्याआधी त्यांनी मिल सोडली.

गावी निघाले तेव्हा मी उधना स्टेशनवर गेलो. काकू बोचक्यावर बसल्या होत्या. काकांना जरा बाजूला घेऊन मी म्हणालो, "काका, माझं चुकलं."

"तू वाईट लिहिलं नव्हतंस," ते म्हणाले. "मी घरी हिला वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं हिनं. मग विचारलं, ही कुणाची पोरगी?"

गाडी आली. डबा जवळजवळ रिकामा होता. त्यांनी काकूंना खिडकीशी बसवलं, बोचकं बाकाखाली सरकवलं. समोर जागा होती, तरी ते बसले नाहीत. वरची दांडी धरून, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. गाडी फलाटाबाहेर पडेपर्यंत ते तसेच उभे होते.