‘मोळी’ ऐकणारे आम्ही

त्या दिवशी सकाळी मी भागवतला एक अभिप्राय पाठवला होता. त्याच्या ‘मोळी’ या अल्बमवर कुणा अनोळखी माणसानं लांबलचक लिहिलं होतं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणी त्याच्याबद्दल मनापासून चांगलं लिहिलेलं मी वाचत होतो. ‘या अल्बमचा नायक शब्द नाहीत, ठेकाही नाही, नायक आहे ती धाप,’ असं त्यातलं एक वाक्य होतं. तासाभरानं भागवतच्याच नंबरवरून फोन आला. मी उचलल्या उचलल्या म्हणालो, “वाचलंस का? शेवटी कळलं रे एकाला!” पलीकडे भागवत नव्हता, त्याची आई होती. कौसाबाई. “दादा, भागवत दारात पडलाय. व्हट निळं झाल्यात. गाडी केलीय, नगरला आणतोय त्याला... तुमी दवाखान्यापशी थांबा.”

दोन दिवसांनी तो गेला. सव्वीस वर्षांचा होता. याला आता दीड महिना झाला. पुरवणीसाठी त्याच्यावर लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाही म्हणालो होतो. पण सध्या त्याच्याबद्दल जे लिहिलं जातंय ते वाचून रोज नुसतं चडफडण्यापेक्षा, जे घडलं ते एकदा सांगून टाकावं, असं वाटलं.

नगरमध्ये माझा लहानसा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. हळदीची गाणी, जागरणाची गाणी, निवडणुकीत रिक्षावर फिरणाऱ्या घोषणा, शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक असं सगळं मी करतो. चार वर्षांपूर्वी पाथर्डीकडचा एक काटकुळा पोरगा दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “दादा, मला बोलायचंय.” मी म्हणालो, “बोल की.” “तुमच्याशी न्हाई... माईकवर बोलायचंय. गायचं न्हाई, बोलायचं.” त्यानं मोबाईल काढला. त्यात आवाज होते. उसाच्या बुडख्यावर बसणारा कोयता. उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्यानं, वाढ्यानं, मोळी आवळतानाची करकर. ट्रकला लावलेली लाकडी फळी आणि डोक्यावर मोळी घेऊन त्या फळीवरून चढणाऱ्या बाईच्या पायाखाली फळीचं वाकणं. ते सगळे आवाज त्यानं ऊसतोडीच्या फडात, आईबापाच्या टोळीबरोबर राहून, एकेका हंगामात टिपलेले होते. त्याला त्या आवाजांचा ठेका करून त्यावर रॅप करायचं होतं. हिपहॉप म्हणजे काय हे मला तेव्हा लग्नाच्या डीजेपुरतंच ठाऊक होतं. पण कोयत्याचा तो आवाज मी हेडफोनवर ऐकला आणि त्याला म्हणालो, “उद्यापासून ये.”

त्यानं स्वतःसाठी ‘पाचट’ हे नाव घेतलं होतं. ऊस तोडून नेल्यावर रानात मागं राहतो तो वाळका पाला. दोन वर्षं आम्ही ‘मोळी’वर काम केलं. नऊ तुकडे. एकालाही धड चाल नाही, धृपद नाही, मध्येच ठेका तुटतो, मध्येच पाथर्डीच्या बोलीतलं एखादं वाक्य तीनदा येतं आणि पुढं काहीच येत नाही. त्याच्या डोक्यात सगळं पक्कं होतं. भांडायचो ते आम्ही एकाच गोष्टीवरून. भागवतला दम लागायचा. दोन ओळी म्हटल्या की तिसरीच्या आधी मोठा, फाटका श्वास. मी साउंडवाला माणूस, मला तो श्वास दातात अडकलेल्या काडीसारखा सलायचा. मी म्हणायचो, कापतो. तो म्हणायचा, “राहू द्या दादा. मोळी घेऊन फळी चढताना माणूस असाच बोलतो.” ऐकायला ते इतकं बरोबर वाटायचं की शेवटी मीही मान डोलावली. नुसती मान डोलावली नाही, तर त्या श्वासांचा आवाज थोडा वर उचलला. आज मला कळत नाही, त्यानं आपलं दुखणं झाकायला तो विचार काढला होता की तो विचार त्याला खरंच पटला होता. विचारायला तो नाही.

लहानपणीची एक गोष्ट तो हसत हसत सांगायचा. नऊ-दहा वर्षांचा असताना फडावरच्या कोपीत, पाल्याच्या झोपडीत, त्याला ताप आला, गुडघे आणि मनगटं सुजली, आज हा सांधा तर उद्या तो. कारखान्याजवळच्या कुणा डॉक्टरनं दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यायचं, ते बंद करायचं नाही, असं सांगितलं होतं. दोन-तीन इंजेक्शनं झाली, टोळी दुसऱ्या फडावर हलली, पोरगा पळाय-खेळायला लागला, विषय संपला. “गुडघे टरबुजागत हुते दादा,” म्हणून तो हसायचा. मी म्हणालो, हे घे की एखाद्या तुकड्यात! आणि त्यानं घेतलं. अल्बमचा पाचवा तुकडा तोच आहे. म्हणजे त्याचा आजार, नाव तेवढं सोडलं तर, त्यानं स्वतःच्या तोंडानं सगळ्या दुनियेला सांगितला होता. आम्ही त्याची वाहवा केली, काहींनी टिंगल केली. पण ती दुखण्याची माहिती आहे, हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

अल्बम आम्ही आमचा आम्हीच इंटरनेटवर टाकला. पहिले काही दिवस शुकशुकाट, मग एका मोठ्या पेजनं चेष्टेसाठी त्यातला तुकडा उचलला आणि अभिप्रायांचा पाऊस पडला. ‘माईकपर्यंत पळत आला का रे?’ ‘आधी दम घे, मग रॅप कर.’ ‘भाऊ जिम लाव.’ ‘नाव अगदी बरोबर ठेवलंय, पाचटच आहे.’ गावाकडून वेगळाच सूर आला. शिकून नोकरीला लागलेल्या एका भावकीतल्या माणसानं त्याला फोन करून सुनावलं की आपल्या लोकांची लक्तरं अशी चव्हाट्यावर मांडून तू मोठा होणार का! भागवत माझ्या स्टुडिओत बसून हे अभिप्राय मोठ्यानं वाचायचा, ज्याची शिवी जास्त चांगली त्याला दाद द्यायचा. एकदाच तो वाचता वाचता थांबला. कुणीतरी लिहिलं होतं, ‘याला बोलायचं आहे ते महत्त्वाचं आहे, पण याच्याकडे श्वासच नाही.’ त्यानं मोबाईल उलटा ठेवला. मग मला म्हणाला, “खरं सांगा दादा, तुमाला काय वाटतं?”

मी खरं सांगितलं. म्हणजे मला तेव्हा जे खरं वाटत होतं ते. म्हणालो, “स्टॅमिना वाढव. रोज सकाळी पळत जा.”

तो पळायला लागला. पाथर्डीजवळच्या मोहट्याच्या रस्त्याला, चढावर. रोज मला मेसेज करायचा, आज चौथ्या खांबापर्यंत, आज पाचव्या. एकदा लिहिलं, ‘आज दुसऱ्यावरच बसलो. छातीत कोंबडं फडफडल्यासारखं होतंय.’ मी त्याला अंगठा पाठवला आणि लिहिलं, ‘सोडू नको.’ तो मेसेज अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे...

गेल्या दसऱ्यानंतर टोळी निघायच्या आधी कौसाबाई एकदा स्टुडिओत आल्या. मुलगा जिथं जातो ती जागा बघायला. मी कौतुकानं त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवला, पदरावरून. त्यांनी डोळे मिटून दोन तुकडे ऐकले आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवला. “कसं वाटलं मावशी?” मी विचारलं. म्हणाल्या, “गाण्यातलं मला काय कळतंय. पर दादा, ह्याला दम लागतोय. लई दम लागतोय. तुमाला ऐकू येत न्हाई व्हय?” आम्ही दोघंही हसलो. भागवत म्हणाला, “आये, ते मुद्दाम हाय.” बाईनं एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. “मुद्दाम दम कसा लागंल?” एवढंच म्हणाल्या. मी त्यांना समजावून सांगितलं, की मावशी ही एक शैली आहे, शहरातल्या लोकांना हे आवडतं. त्या गप्प बसल्या. शिकलेल्या माणसापुढं गप्प बसायची त्यांना सवय होती. चारच दिवसांनी त्या ट्रकमध्ये बसून कोल्हापूरकडं गेल्या.

हंगाम संपत आला तेव्हा पुण्याहून बोलावणं आलं. प्रायोगिक संगीत ऐकणाऱ्या मंडळींचा एक छोटा गट होता, रविवारी दुपारी एका हॉलमध्ये चाळीस-पन्नास लोक जमणार होते. आधी भागवतनं सादर करायचं, मग चर्चा. तो नवीन शर्ट घालून आला होता. तोंड सुजल्यासारखं दिसत होतं, मला वाटलं जागरण झालं असेल. तिसऱ्या तुकड्यात तो फळीचा आवाज येतो, तिथं त्यानं पहिली ओळ म्हटली, दुसरी अर्धी म्हटली आणि माईकचा स्टँड दोन्ही हातांनी धरून थांबला. स्पीकरमधून नुसता त्याचा श्वास यायला लागला. आत ओढायचा, अडकायचा, पुन्हा ओढायचा. मिनिटभर तरी असेल. मी मिक्सरवर होतो. मला वाटलं, वा! हे आपलं ठरलेलं नव्हतं, पण काय सुचलंय याला... मी ठेका हळूहळू खाली आणला आणि माईक वर नेला, लोकांना श्वास नीट ऐकू जावा म्हणून. मग लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मीही वाजवल्या.

चर्चेत एक चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, “श्वासाला तुम्ही ज्या प्रकारे भाषेच्या जागी आणून ठेवता, ते फार धाडसी आहे.” भागवत खुर्चीत बसून घाम पुसत होता. म्हणाला, “व्हय सर.” परतीच्या गाडीत तो मला म्हणाला, “दादा, आज लोकांला कळलं.” त्याच्या आवाजात जो आनंद होता तो मी विसरू शकत नाही. आणि तो आनंद कशावर उभा होता, तेही विसरू शकत नाही.

तीन आठवड्यांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात एक तरुण डॉक्टरबाई मला समजावून सांगत होत्या. लहानपणीच्या त्या तापानं हृदयाची झडप आखडत गेली होती. “हा पेशंट निदान दोन-तीन वर्षं धापा टाकत असणार,” त्या म्हणाल्या. “तपासून वेळेवर उपचार झाले असते तर वाचला असता. घरात कोणाच्या लक्षातच आलं नाही?” कौसाबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, हे त्यांचे उपकार. मग डॉक्टरांनी विचारलं, “तो सांगत होता, रोज चढावर पळतो म्हणून. या अवस्थेत त्याला पळायला कोणी सांगितलं?”



तो गेल्याची बातमी पसरली आणि अभिप्राय बदलले. ज्या पेजनं टिंगल केली होती त्याच पेजनं त्याचा काळ्या पार्श्वभूमीवरचा फोटो लावला. ‘लेजंड.’ ‘काळाच्या पुढचा कलाकार.’ ‘हा श्वास म्हणजे महाराष्ट्राचा श्वास.’ जिम लाव म्हणणाऱ्यानं रडणारे चेहरे टाकले. पुण्याच्या गटानं त्या दुपारचं रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकलं, तिसऱ्या तुकड्यासकट. त्याखाली मी लिहिलं, ‘हा प्रयोग नाही. हा मुलगा आजारी होता. त्याला इथं झटका येतोय आणि आपण टाळ्या वाजवतोय. मी त्याचा साउंड करत होतो, टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही आहे. हे कृपया काढून टाका.’ दहा मिनिटांत उत्तर आलं, ‘भावा, हे कळल्यावर तर अजून भारी वाटतंय.’ त्याला शेकडो लोकांनी लाल बदाम दिले. ते रेकॉर्डिंग अजून तिथंच आहे. मूळ अल्बम मी काढून टाकावा का, म्हणून कौसाबाईंना विचारलं. म्हणाल्या, “काढून तो येनारे का? ऱ्हाऊ द्या. त्याचं नाव हाय त्याच्यावर.”

माझा स्टुडिओ दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना अरुंद, पायऱ्या उंच. मागच्या आठवड्यात भिंती रंगवायला रंगारी आला आणि त्यानं मला खाली बोलावलं. पहिल्या मजल्याच्या वळणावर, साधारण खांद्याच्या उंचीला, भिंतीवर पंज्याएवढा तेलकट काळा डाग पडला होता. “हा साबणानं निघना,” तो म्हणाला, “रोज कुनीतरी हितं हात टेकवत असनार.” हा डाग मी दोन-तीन वर्षं येता-जाता बघत होतो. कोण भिंत घाण करतंय म्हणून एकदा वैतागलोही होतो, भागवतसमोरच. वर यायला त्याला नेहमी उशीर व्हायचा. खालून हाक दिल्यावर तो दारात पोचेपर्यंत माझा अर्धा चहा संपलेला असायचा आणि तो म्हणायचा, “फोन आल्ता दादा.”

रंगारी ब्रश घेऊन उभा होता. बाकीची भिंत रंगव, म्हणालो, एवढी सोड. त्याला ते चमत्कारिक वाटलं असणार. रंग आता वाळलाय, आणि पांढऱ्या भिंतीवर तो डाग पूर्वीपेक्षा जास्त काळा दिसतो. रेकॉर्डिंगला येणारी माणसं विचारतात, एवढंच का राहिलं? ती जिना चढून येत असतात तेव्हा मी हातातलं काम थांबवतो, दारात येऊन उभा राहतो, आणि त्यांचा श्वास ऐकतो.