खाली म्हणजे नेमकं कुठं

मी विमा कार्यालयात आहे. लोकांच्या आयुष्याचा विमा उतरवणं हा माझा पोटाचा धंदा. पन्नाशी जवळ आल्यावर मला विमानातून स्वतःच उतरायचं वेड लागलं, तेव्हा कार्यालयात जी थट्टा झाली ती सगळी लिहिण्यासारखी नाही. नांदेडात कुणाला सांगा की मी अधूनमधून परराज्यात जाऊन विमानातून उडी मारतो. समोरचा आधी तोंडाकडे बघतो, मग आवाज खाली आणून विचारतो, ‘का हो? घरी काही झालं का?’

घरी काही झालेलं नव्हतं. एका सहलीत मी प्रशिक्षकाच्या पोटाला बांधून पहिली उडी मारली. माकडीण पिल्लाला घेऊन फिरते तसं त्याने मला खाली आणलं आणि मी जमिनीवर बसून हसतच राहिलो. इतका हलका मी कधी झालोच नव्हतो. माझी बायको शाळेत मराठी शिकवते. तिला वाटलं, हौस फिटली. पण फिटली नाही. रजा काढून मी रीतसर शिकायला गेलो, एकट्याने उड्या मारायला लागलो, आणि प्रत्येक वेळी मी निघालो की ती दोन दिवस आधीपासून मुकी व्हायची. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर देता येतं.

गेल्या हिवाळ्यात लातूरपासून थोड्या अंतरावर, शिरूर अनंतपाळच्या बाजूला, एका धावपट्टीवर काही दिवसांचं शिबिर लागलं. तेव्हा ती आपणहून बोलली.

‘एकदा माझ्या डोळ्यांनी बघते. मग सांगते, हो का न्हाई ते. पण न्हाई म्हणले तर इथून पुढं नावसुद्धा काढायचं न्हाई.’

मी ‘हाव’, म्हणजे हो, म्हणालो. म्हणायला नको होतं असं लगेच वाटलं, कारण तिचं ‘न्हाई’ मला माहीत आहे. ते एकदा निघालं की परत जात नाही. म्हणजे त्या एका उडीवर माझं पुढचं सगळं आकाश होतं. नीट, दोन पायांवर, तिच्यासमोर उतरायचं, एवढंच मला हवं होतं.

नवशिक्याने सल्ले देऊ नयेत म्हणतात. मला ते पटत नाही. जुने लोक भीती विसरलेले असतात, आणि विसरलेल्या गोष्टीबद्दल माणूस काय सांगणार? माझी अजून ताजी आहे. विमानाचं दार उघडलं आणि थंड हवा आत घुसली की मी आजही सगळे पट्टे पुन्हा चाचपतो. जो चाचपत नाही त्याच्या शेजारी मी बसत नाही. पण एकदा बाहेर पडलं की गंमत अशी की पडतोय असं वाटतच नाही. हवा खालून इतक्या जोरात येते की आपण तिच्यावर पालथे झोपलेले असतो. मग ठरलेल्या उंचीवर छत्री उघडायची, आणि उघडली की पहिलं काम वर बघायचं: नीट फुलली का, फाटली नाही ना, दोऱ्या गुंतल्या नाहीत ना. वर सगळं ठीक दिसलं की जो श्वास सुटतो, तो मी गेली कित्येक वर्षं कुठे कोंडून ठेवला होता कोण जाणे.

त्या दिवशी छत्री छान फुलली. दोन्ही हातांत दोन मुठी होत्या. उजवी खाली ओढली की उजवीकडे वळायचं, डावी ओढली की डावीकडे. आणि अगदी जमिनीजवळ आल्यावर दोन्ही एकदम खाली ओढायच्या, म्हणजे छत्री थबकते आणि पाय अलगद टेकतात. जमिनीजवळ एकच मूठ जोरात ओढायची नाही, हे आम्हाला जेवणाआधी आणि जेवणानंतर सांगितलं जायचं. छत्री तिरकी होते, माणूस झोक्यासारखा बाजूला फेकला जातो आणि जमीन त्याला तसाच घेते.

जागा नवीन म्हणून शिबिराच्या प्रशिक्षकाने माझ्या छातीशी छोटा रेडिओ बांधला होता. त्यातून फक्त ऐकू येतं, उलट बोलता येत नाही. लग्नाला वीसेक वर्षं झालेल्या माणसाला याची सवय असते.

पण वरचा वारा आमच्या अंदाजापेक्षा जोराचा होता. धावपट्टी माझ्यापासून लांब लांब जायला लागली. बघ्यांसाठी टाकलेला शामियाना दिसत होता, त्याच्या कडेला बायकोची पिवळी साडी दिसत होती, आणि दोन्ही लहान होत चालली होती. मला एकच सुचत होतं, की कसंही करून तिकडे पोचायचं, तिच्यासमोर उतरायचं. नवशिक्याचा खरा शत्रू उंची नाही, हा हट्ट आहे. मी वळून वळून धावपट्टीकडे जायला बघत राहिलो, त्यात असलेली उंचीही घालवली, आणि शेवटी समोर बघतो तर उभी ज्वारी आणि ज्वारीच्या पलीकडे विजेच्या तारा.

तेवढ्यात रेडिओ खरखरला. प्रशिक्षक उत्तरेकडचा, हिंदी बोलणारा. तो ओरडत होता, ‘बायें खाली है! बायें खाली!’

मी डावी मूठ खाली ओढली. थेट कमरेपर्यंत.

खरं तर त्याचं म्हणणं एवढंच होतं, की डावीकडचं रान रिकामं आहे, तिकडे हळूच वळ. आता सांगा, मी जन्माचा नांदेडचा. हिंदी आणि दखनी ऐकतच वाढलो. ‘सीट खाली है क्या’ हे मी स्वतः हजारदा विचारलं असेल. पण भीती वाटली की माणूस मातृभाषेत ऐकतो. त्याच्या ‘खाली’त मोकळं रान होतं, माझ्या ‘खाली’त फक्त खाली होतं. मी ओढलं, आणि जमीन उभी राहिली. ज्वारी एका बाजूला, आभाळ दुसऱ्या बाजूला, माझे पाय भलतीकडेच. मी मेलो असं मला वाटलं, अगदी स्पष्ट वाटलं, आणि तिचं ‘न्हाई’ आता तिला म्हणावंच लागणार नाही, असंही.

‘हाथ उपर! उपर!’ रेडिओ किंचाळला. ‘उपर’ या शब्दाचे सुदैवाने दोन अर्थ नाहीत. मी दोन्ही हात वर सोडून दिले. छत्री डुलली, डुलत डुलत सरळ झाली. उंची थोडीशी शिल्लक होती म्हणून झाली. आणि नशीब बघा, तारा आता बाजूला राहिल्या होत्या आणि नाकासमोर डावीकडचं तेच रान आलं होतं. मग मात्र मी काहीही केलं नाही. वळलो नाही, धावपट्टी शोधली नाही. उतरताना पायाखाली बघायचं नसतं, समोर लांब बघायचं असतं, तसं बघत राहिलो, आणि दोन्ही मुठी एकदम ओढल्या.

रान खाली होतं म्हणजे त्यातली तूर काढून नेली होती. धसकटं तिथेच होती. बोटाएवढी जाड, तिरकी कापलेली, भाल्यासारखी उभी. विमानातून ती दिसत नाहीत. मी दोन पावलं पळालो, अडखळलो आणि हातांवर पडलो. पँट गुडघ्यापासून खाली फाटली, नडगी सोलून निघाली. उठून बसलो, हातपाय हलवून पाहिले. सगळे हलत होते. मी ढेकळावर बसून मोठ्याने म्हणालो, ‘आहे बाबा, आहे.’ कुणाला म्हणालो ते माहीत नाही.

शेजारच्या तुकड्यात एक म्हातारी बाई हरभरा उपटत होती. ती हातातली जुडी घेऊन आली, छत्रीला एक फेरी मारली आणि मग माझ्याकडे वळली.

‘कुठलं म्हणायचं बाबा तुमी?’

‘नांदेडचा.’

‘मग वरून काहून आलाव? रस्ता बंद हाय का?’

मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना. बाईने तांब्यातलं पाणी दिलं, काही विचारलं नाही, फक्त ‘लागलं न्हाई ना लई?’ एवढं म्हणाली. मला बायकोला कळवायचं होतं. माझा फोन उडीआधी मी तिच्याकडेच दिला होता. बाईचा फोन मागितला, आणि लक्षात आलं की मला पाठ असलेला एकच नंबर आहे, माझा स्वतःचा. तोच लावला.

तिने उचलला. आवाज कोरडा, घाईचा. कार्यालयातून कुणाचा तरी आला असं तिला वाटलं असणार. ‘हॅलो, ते वर गेलेत. खाली आले की सांगते.’

मराठीची शिक्षिका आहे ती. ‘वर गेलेत’ म्हणजे काय होतं हे वर्गात मुलांना समजावून सांगते.

‘अगं मीच बोलतोय,’ मी म्हणालो. ‘खाली आलो.’

मागे धावणाऱ्या लोकांचा गलका ऐकू आला. मग, ‘खाली म्हणजे नेमकं कुठं? इथं तर सगळे पळून राहिले!’

‘तुरीच्या रानात. चांगला आहे मी. चालतोय.’

‘चालताय?’

‘चालतोय.’

‘पाय दोन्ही?’

‘दोन्ही.’

ती रडली. वीस वर्षांत फोनवर ती पहिल्यांदा रडली, आणि तेही माझ्याच फोनवरून. तेवढ्यात शिबिराची जीप आली. बाईने हरभऱ्याच्या ढाळ्याची जुडी माझ्या हातात कोंबली. ‘वरून आलाव, मोकळं कसं धाडू?’ म्हणाली.

शामियान्यापाशी बायकोने आधी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, मग फाटलेल्या पँटला हात लावला. ‘नवीन होती ही,’ एवढंच बोलली. प्रशिक्षकाला मी ‘खाली’चा मराठी अर्थ सांगितला तेव्हा तो आधी हसला, मग पाण्याची बाटली घेऊन बाजूला जाऊन बसला. नंतर येऊन म्हणाला की तुमच्या भागात आता मी ‘खुला’ म्हणेन. म्हणून माझा सल्ला साधा आहे. नवीन जागी उडी मारण्याआधी वारा बघा, तारा बघा, आजूबाजूच्या रानांतून एक चक्कर मारा, आणि रेडिओवर जो बोलणार त्याच्याशी शब्द ठरवून घ्या. आणि ठरलेल्या जागी उतरता येत नसेल तर बऱ्या जागी उतरा. थोडं चालावं लागतं, एवढंच.

परतीच्या वाटेवर मी तिला सगळं सांगून टाकलं. तारा, कमरेपर्यंत ओढलेली मूठ, उभी राहिलेली जमीन. लपवून ‘हो’ मिळवण्यात अर्थ नव्हता. ती ढाळे सोलत होती, एक स्वतः खायची, एक माझ्या हातावर ठेवायची. अहमदपूर गेलं तरी बोलली नाही. निकाल लागला असं मी मनात धरलं. वाईट वाटत होतं, पण खरं सांगतो, त्या दिवशी मला कशाचंच फार वाईट वाटणं शक्य नव्हतं. मी गाडी चालवत होतो, ती शेजारी बसली होती, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मला गोड लागत होता.

लोह्याला चहाला थांबलो. टपरीवाल्याने विचारलं, ‘भजे गरम हायत. देऊ, का खाली चहा?’

आमच्याकडे खाली चहा म्हणजे नुसता चहा. आम्ही एकमेकांकडे बघितलं, आणि ती अशी हसत सुटली की बाकावरचे लोक वळून बघायला लागले. पदराने डोळे पुसत ती टपरीवाल्याला म्हणाली, ‘खालीच द्या हो. आज खालीच लई झालं.’

चहा निम्मा झाल्यावर मीच विषय काढला. म्हटलं, ‘बघितलंस ना डोळ्यांनी? आता सांगून टाक.’

‘न्हाई.’

मी मान हलवली. बोललो होतो, पाळणार होतो.

‘न्हाई म्हणजे न्हाई बघितलं,’ ती म्हणाली. ‘तुम्ही विमानात बसल्यापासून मी मान वर केलीच न्हाई. सगळे बोटं दाखवून राहिले होते, हे बघा, ते बघा. मी आपली जमिनीकडं बघत बसले. तुम्हाला यायचं तर खालीच होतं ना? तिथंच वाट बघत होते.’

तिने माझ्या बशीत तिचा उरलेला चहा ओतला.

‘अट डोळ्यांनी बघायची होती. बघितलंच न्हाई तर हो का न्हाई कसं सांगू? पुन्हा यावं लागंल मला.’ मग आवाज अगदी हळू करून म्हणाली, ‘लई भ्या वाटलं हो. पण पुढच्या वेळी वर बघते मी. तुम्ही तेवढं नीट खाली या.’