पट्टीची कड

साताऱ्यात मोटारदुरुस्तीच्या एका कारखान्यात मी कारकून होतो, तेव्हा तिथं लष्करातून परतलेला एक कारागीर होता. गाड्यांच्या दोन्ही बाजूंच्या चेपलेल्या स्टीलच्या पट्ट्या तो सरळ करी आणि त्यांच्या धारदार कडा कानशीनं घासून गुळगुळीत करी. मग डोळे मिटून मनगटाची आतली बाजू कडेवरून फिरवी. कुठं खरखरलं, की "लागतंय रं अजून," असं पट्टीलाच म्हणे आणि पुन्हा कानस उचली.

एकदा वडूजहून त्याची बायको आली. लहानपणी देवी आल्या, त्यात तिची नजर गेली होती. तयार गाडीला कुणी हात लावायचा नाही, असं कारखान्याच्या मालकांनी बजावलेलं होतं, आणि मालक गाडीपाशीच उभे होते. तरी त्यानं तिची बोटं पट्टीच्या टोकाला टेकवली आणि तिला सावकाश मागच्या चाकापर्यंत चालवत नेलं.

"आवं, कुटंच टोचत न्हाई की," ती म्हणाली.

"मग दिसभर काय करतुया मी हितं?"

ती हसली. "आता त्या अंगाची बी दावा."

त्या बाजूला मालक वाटेतच उभे होते. ते मागं सरकले.