कडीवाली शिंगाळी

नांदेडच्या खालच्या अंगाला गोदावरीत आमचा डोह हाय. आमचा म्हंजे सातबाऱ्यावर न्हाई हो! पण माझ्या बापानं जन्मभर तिथंच जाळं टाकलं, आन् त्याच्या मागं मी टाकते. बाईमाणसानं जाळं टाकावं का, असं ज्याला इचारायचं त्यानं आधी माशाचं कालवण सोडावं.

डोहात मोठाल्या मिशांचा शिंगाळा लई. बापाची एक रीत व्हती. मोसमात गाभोळीनं पोट फुगलेली पहिली मादी घावली, की तिच्या पाठीवरच्या पराला तांब्याची बारीक कडी घालायची, कपाळाला हळद लावायची आन् परत पाण्यात सोडायची. ती डोहाची लेक. पुन्हा कुणाच्याबी जाळ्यात आली, तर तिला घरी न्यायचं न्हाई.

मग लातूर रस्त्याला ते तळं झालं. तिकीट काढा, गळ टाका, मासा वर काढून फोटू घ्या, परत सोडा. तळ्याचा ठेकेदार माझ्याकडं आला. म्हणाला, "मावशी, मेलेला नको. जिवंत दे, मोठा दे. भाव दुप्पट." मला वाटलं, बरंच हाय की, मासाबी जगतोय आन् आमीबी. अक्कल गहाण ठेवली व्हती, दुसरं काय! मोठा मासा म्हंजे अंडी घालणारा मासा, हे मला ठाऊक नव्हतं व्हय? दोन पावसाळे एकेक उचलून त्याच्या ड्रममधी घातला. तिसऱ्या साली डोहात बोटाएवढं पिल्लूबी दिसंना.

त्या साली मोठी अशी एकच घावली. पराला कडी. बापानं शेवटच्या साली घातलेली. नवऱ्यानं तोंड फिरवलं. मी तिला ड्रममधी सोडली. कुणी बळजबरी केली न्हाई, माझ्याच हातानं. तळ्यात कुठं कोण मारतंय, अशी मनाची समजूत घातली.

महिन्यानं कळलं, ठेकेदारानं तळ्यावर पाटी लावलीय: कडीवाली धरा, जेवण फुकट! माझं टाळकंच सरकलं. नवऱ्याच्या टमटममधी पाण्याचा ड्रम ठेवला आन् दोघं निघालो.

आमच्या म्होरंच एका साहेबानं तिला गळाला वर काढली. ओठाच्या चिंध्या झाल्या व्हत्या. साहेब फोटूसाठी हसत व्हता. मी हात ओले केले आन् त्याच्या हातातनं तिला काढून घेतली.

ठेकेदार पळत आला. "मावशी, हितला नेम हाय, धरलेला मासा परत सोडायचा!"

"सोडणारच हाय. जिथनं आणला तिथं."

"अगं, इकत घेतलीय मी!"

"लेक इकायचा हक्क मला नव्हता. मग तुला कुठनं आला?"

नवऱ्यानं तवर टमटम चालू केली व्हती.

डोहाच्या काठाला ती आडवीच पडली. गुडघाभर पाण्यात उभी राहून मी तिला दोन्ही हातांनी सरळ धरली. कल्ले हलाया लई येळ लागला. मग शेपटी मारून गेली. हळद मी सोबत नेली व्हती, पण लावायची हिंमत झाली न्हाई.

ठेकेदाराची गाडी अजून येती, आता सोबत त्याचंच जाळं घेऊन. मी काठावर उभी राहते. म्हणते, "उतर पाण्यात, पण माझ्या अंगावरनं जा." डोहात पिल्लू दिसेपर्यंत त्याचं जाळं हितं पडणार न्हाई. माझंबी खुंटीला हाय.